जानरावांचा चालू डाव

नवी सून म्हणून आपण काहीतरी करून दाखवावं असं दीपमालाला वाटलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं. (पोळ्या आधीच बिघडल्या होत्या.)

बडनेऱ्याच्या त्या घरात सासरे, जानराव, भिंतीवरच्या फोटोत होते आणि त्यांचा मोबाईल फोटोखाली चार्जिंगला. कापूस येईना म्हणून जिनिंगचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते आणि तिथले त्यांचे सोबती नियाजभाई आपापल्या घरून मोबाईलवर बुद्धिबळ खेळत. एका चालीला दोन-तीन दिवसांची मुदत. जानराव गेले तेव्हा डाव अर्धाच राहिला. मुदत संपून तो बंद पडू नये म्हणून दीपमालाचा नवरा प्रीतम फोटोपुढे मेणबत्ती लावून वडिलांच्या वतीनं चाल खेळे. सकाळी सासूबाई, दुर्गाबाई, फोटोकडे बघून विचारत, "यायचा डाव चालू हाये ना?"

"हाये, आई."

मगच त्या चहाचा कप उचलत.

दीपमाला अकोल्यात कॉलेजच्या बुद्धिबळ संघात होती. सासरी तिनं हे सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. नवऱ्याचा खेळ पाहून तिचा जीव कासावीस होई. आज हत्ती एक घर पुढे, परवा उंट एक घर मागे. वजीर तर लग्नात रुसलेल्या मामासारखा जागचा हलेना! नियाजभाईही तसेच. त्यांचा राजा कोपऱ्यात अडकलेला, एका चालीत मात होती, आणि प्रीतमला ती दिसत नव्हती. (नवऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टींची तिला एव्हाना सवय झाली होती.) सासऱ्यांचा शेवटचा डाव आपण जिंकून द्यावा, सासूबाईंनी एकदा तरी कौतुकानं बघावं, एवढीच तिची इच्छा.

प्रीतम आंघोळीला गेल्याबरोबर तिनं वजीर हलवला.

"आई, बाबा जिंकले!"

दुर्गाबाईंचा हात कपाजवळ थांबला. "म्हंजे... संपला?"

प्रीतम ओल्या डोक्यानं धावत आला. "काहून केलं तू असं?"

"मात दिसत होती म्हणून..."

"मले बी दिसून राहिली होती. रोज."

चहावर साय धरली. कोणी तो उचलला नाही.

तेवढ्यात नियाजभाईंचा फोन आला. "जानराव गेला, अन् मंग त्याचा खेळ सुधारला!" ते हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "कोण होतं रे?"

"सून हाये तुमची, चाचा."

"तिले दे. बेटा, नवा डाव लावतो. त्याच्याच नावानं. पण खेळायचं जानरावसारखं."

जानरावसारखं म्हणजे कसं, म्हणून तिनं मोबाईलमधले त्यांचे जुने डाव काढले. नियाजभाईंचा घोडा फुकट मिळत असताना सासऱ्यांनी तो कितीदा सोडला होता! जिनिंग बंद पडल्यावर त्या दोघांना जायला दुसरं ठिकाणच नव्हतं. डाव संपवून करणार काय? ज्यांना ती कधी भेटली नाही, त्या माणसासाठी तिचे डोळे भरून आले.

तिनं मन लावून वाईट खेळायला सुरुवात केली. आठवड्याच्या आत पुन्हा फोन.

"बेटा, मी सहज वजीर सरकवला, त मातच झाली! इतकं वाईट खेळणं जानरावले बी जमलं नसतं!"

दुर्गाबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"पोया बी अशाच करते," त्या म्हणाल्या. "लावा म्हणा दुसरा." आणि त्यांनी चहाचा कप उचलला.