टेंभुर्णी मुक्कामी जुना फाँट सर जाहला त्याची हकीकत

आधी नमस्कार विजेच्या तारेला, मग नेटच्या टॉवरला, की या दोघांच्या मर्जीविना टेंभुर्णीत कोणाचीही फते होत नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले आहे, पदरचे थोडेच आहे.

हकीकत ऐसी की, राजमान्य राजश्री अंगदराव, झेरॉक्स व कॉम्प्युटर दुकानाचे खावंद, उमर तेवीस, डोके कायम तापलेले, बाजारात ठाणे देऊन होते. तों सोमवारी चारच्या सुमारास शाळेतल्या हिंदीच्या शीतल मॅडम पेनड्राइव्ह मुठीत आवळून दाखल जाहल्या आणि अर्ज गुदरला की, नऊ वर्षांमागे आपण लिहिलेले हिंदी नाटक भोपाळच्या बालनाट्य स्पर्धेस धाडणे आहे, मुदत पाचाची, मजकूर युनिकोडातच, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरात वाचता येईल अशा अक्षरांत पाहिजे, कागदी प्रत वाळवीने खाल्ली, आणि पोरांनी तर पात्रेही वाटून घेतली, राजा कोण यावरून दोन मारामाऱ्या जाहल्या, आता नाव बाद झाले तर वर्गात तोंड कसे दाखवावे?

अंगदराव बोलले, "दोन मिनिटाचं काम हाये मॅडम. बिलकुल टेन्शन घिऊ नका."

मग फाईल उघडली, तों आत हिंदीचा मागमूस नाही. जुना फाँट ज्या कॉम्प्युटरात होता तो मागल्या पोळ्याला जळून खर्ची पडला, सबब पडद्यावर नऊ पाने नुसती इंग्रजी अक्षरांची गर्दी, जे के टी के, जे के टी के. मग इंटरनेटवरून कन्व्हर्टर नामे भाडोत्री फौज बोलावली. तिने राजा बराबर आणला, परंतु प्रधानाचे वाटेत तुकडे जाहले आणि राजपुत्राचे मुंडके एका ओळीत, धड दुसऱ्या ओळीत. एकेक जोडाक्षर शिवत बसावे तर दोन दिवस पुरेनात. अंगदरावांनी संतापून कीबोर्डावर मूठ हाणली आणि एक बटण उडाले आणि मग ते त्या बटणावरही संतापले.

ते समयी नंदाबाई, अंबडच्या कोर्टापुढे तीस वर्षे अर्ज टाईप करून घरी बसलेल्या, आधारच्या झेरॉक्ससाठी काउंटरला रेलून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा वर सारला आणि बोलल्या, "राजा सिंहासन पर बैठा है. नीट तर लिव्हलंय की. रडून काय राह्यले?"

सारा दरबार थक्क.

"मावशी, तुमाला हे वाचता येतं?"

"मंग काय इंग्रजी वाचू? इंग्रजी मला कुठं येतं!"

जुन्या फाँटात इंग्रजी बटण दाबले की देवनागरी अक्षर उमटे, आणि बाईंच्या बोटांनी तीस वर्षे तीच बटणे दाबली, सबब ती अक्षरे त्यांस देवनागरीच दिसत. मग अंगदरावांनी मसलत केली आणि मोबाईल हिंदीवर लावून बाईंच्या तोंडाशी धरला, की बाईंनी बोलावे आणि मोबाईलने युनिकोडात लिहावे. आणि फर्मान सुटले की पंखा बंद, झेरॉक्स बंद, गिऱ्हाईक बाहेर. नजर टाकता पाने पडू लागली. तिसऱ्या पानावर कचरू चहावाला "गरम च्या" करीत शिरला आणि मोबाईलने ते राजाच्या तोंडी घातले. मग अंगदराव गरजले, "ए कचऱ्या, थोबाड बंद!" तेही लिहिले गेले, आणि प्रधानाने भर दरबारी राजास थोबाड बंद ठेवण्याचे फर्मावले. मग दोन्ही ओळी कापून काढिल्या.

सहाव्या पानी राजपुत्र मेला आणि बाईंनी मोहीमच सोडली.

"लेकराला कशाला मारलं वो मॅडम? पोरांच्या नाटकात मरण? मी न्हाई वाचत."

चार वाजून सेहेचाळीस. शीतल मॅडम हात जोडून म्हणाल्या, "मावशी, तो आठव्या पानावर जिवंत होतो."

"आधी दावा."

मग आठवे पान हुजुरात पेश जाहले. बाईंनी ते मनातल्या मनात दोनदा वाचले, राजपुत्र उठून पाणी मागतो याची खातरजमा केली, मग माघारी सहाव्यावर आल्या आणि अशा चालल्या की थांबल्याच नाहीत. चार अठ्ठावन्नला नाटक भोपाळास कूच जाहले.

पाचला पावती आली. अंगदरावांनी उघडली, तों पुन्हा इंग्रजी अक्षरांची गर्दी, कारण युनिकोडाचा आग्रह धरणाऱ्या दरबाराचा कारकून स्वतः जुन्याच फाँटात नांदत होता. शीतल मॅडमचा चेहरा उतरला. अंगदरावांनी मूठ उचलली.

"थांब की रे," नंदाबाई बोलल्या आणि वाचले, "आपका नाटक समय पर प्राप्त हुआ."

येणेप्रमाणे फते जाहली, ती नंदाबाईंच्या नावे दप्तरी दाखल केली असे.