एसेनकुलचा रानबोकड

“शिरालगा!” बुबुसारा आपांनी ताटावर चमचा आपटून आरोळी ठोकली, आणि एसेनकुलच्या घशात चहा अडकला.

शिकाऱ्याला जनावर मिळाल्याचं ऐकून जो कोणी ‘शिरालगा’ म्हणेल, त्याला वाटा द्यायचा, ही त्या डोंगरातली वाडवडिलांपासूनची रीत. नाही म्हणणाऱ्याचा नेम जातो म्हणतात. वाटा द्यायला एसेनकुलची काही ना नव्हती. माणूस दिलदार होता. अडचण एवढीच होती, की जनावर मिळालेलंच नव्हतं.

हंगाम संपला की गावातले शिकारी एकाच्या घरी जेवायला जमायचे आणि ज्याने त्याने आपल्या शिकारीची गोष्ट सांगायची, असा शिरस्ता होता. यंदा जेवण सादिर पोस्टमनच्या घरी होतं आणि पंक्तीला एक खास पाहुणे होते. शायलोबेक, एसेनकुलचे होणारे व्याही. सरोवराकाठच्या गावाहून ते जोडप्याने आले होते. येत्या शुक्रवारी विहीणबाई एसेनकुलच्या नाझिराच्या कानांत डूल घालणार, की सोयरीक पक्की. हे शायलोबेक शिकारी म्हणून तीन खोऱ्यांत नावाजलेले. त्यांनी आपल्या रानमेंढ्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की सादिरची बायको मांस वाढायचं विसरून ऐकत बसली. मग मिशी पुसत ते म्हणाले, “व्याही, आता तुमचं होऊ द्या.”

आता एसेनकुलची खरी गोष्ट अशी होती. आठ दिवस त्याने धुक्यात काढले. नवव्या दिवशी धुकं निवळलं, तेव्हा तीस पावलांवर दाढीवाला भलाथोरला रानबोकड त्याच्याकडे टक लावून उभा होता. एसेनकुल त्या वेळी खडकाआड विजार सोडून बसला होता, आणि बंदूक होती घोड्याच्या खोगिराला. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं. मग रानबोकड सावकाश निघून गेला. ही काय व्याह्यांपुढे सांगायची गोष्ट आहे?

म्हणून त्याने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या रानबोकडाला त्याने आधी कड्यावर चढवलं, मग दरीत उतरवलं, ओढ्यावरून उडी मारायला लावली आणि हवेतच गोळी घातली. “कुठे म्हणालात हे?” व्याह्यांनी विचारलं. जवळची जागा सांगावी तर शोभेना. “लाल कड्याच्या पलीकडे!” एसेनकुल म्हणाला. सगळ्यांनी ‘वा!’ केलं. तेवढ्यात आपांची ती आरोळी आली, तिच्यामागोमाग सादिर म्हणाला “शिरालगा!”, शाळेच्या गुल्जानबाई म्हणाल्या “शिरालगा!”, आणि शेवटी खुद्द व्याहीही हसत म्हणाले, “मग आमचंही शिरालगा!”

“हो, हो, उद्या सकाळी घरपोच!” एसेनकुलच्या तोंडून निघून गेलं.

घरी येऊन त्याने बायकोला बाजूला घेतलं. तुर्सुनायने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो, पण मांस आणणार कुठून? तुमच्या जिभेचं कापून देऊ का?”

“हळू बोल. व्याही आतल्या खोलीत आहेत. अगं, तुझा तो काळा बोकड...”

“माझ्या बोकडाचं नाव काढू नका! बाटलीने दूध पाजून वाढवलाय मी त्याला.”

“पोरीच्या सासऱ्यापुढे माझं नाक कापलं जाईल गं! म्हणतील, नऊ दिवस जाऊन रिकाम्या हाताने आला, वर थापा मारल्या. अशा घरची मुलगी करतील का ते?”

तुर्सुनाय डोळे पुसत आत गेली आणि सुरी घेऊन आली. ती त्याच्या हातात ठेवताना मात्र म्हणाली, “पुढच्या वर्षी हत्ती मारलात, तर मी माहेरी जाईन.”

सकाळी वाटे घरोघर पोचले. मान आपांना, फरा सादिरला, बरगड्या गुल्जानबाईंना, आणि मांडीचा रस्सा व्याह्यांच्या पुढ्यात. एसेनकुल श्वास रोखून बघत होता. शायलोबेकांनी घास घेतला, चावला, छताकडे पाहिलं, पुन्हा चावला.

“मऊ आहे हो,” ते म्हणाले. “एवढं पळालेलं जनावर, पण किती मऊ!”

“तरुण होता,” एसेनकुल म्हणाला.

“काल तर दाढी गुडघ्यापर्यंत होती म्हणालात.”

“म्हणजे... तरुणपणीच दाढी आलेली.”

“आणि शिंगं?”

“शहरात पाठवली. भिंतीवर लावायला पॉलिश करून घेतोय.”

व्याह्यांनी मान डोलावली आणि आणखी वाढून घेतलं. गावातूनही कौतुकाचे निरोप आले. बुबुसारा आपांनी तर रस्त्यात गाठून सांगितलं, “एसेन, माझे उरलेत दोन दात. दोन्ही तुला दुवा देतायत!” एसेनकुलचा जीव भांड्यात पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तो दोन दिवस छाती काढून गावातून फिरला.

शुक्रवारी डूल घालायला सगळे त्याच्या घरी जमले. नाझिरा मान खाली घालून बसली होती. विहीणबाई रुमालाची गाठ सोडत होत्या, तोच दार उघडून वनरक्षक बाकित आत आला. बूट काढून, सगळ्यांना सलाम करून, वही छातीशी धरून तो अवघडून उभा राहिला.

“एसेनकुल आके, वेळ वाईट आहे, माफ करा. तुम्ही लाल कड्यापलीकडे रानबोकड मारलात, असं ऐकलं. खरं का?”

“का रे बाबा?”

“उन्हाळ्यापासून तिथे शिकारबंदी आहे. एवढी मोठी पाटी लावलीय. दिसली नाही?”

पाटी दिसणार कशी? एसेनकुल त्या बाजूला पाच वर्षांत फिरकला नव्हता.

“बंदूक जमा करावी लागेल, आके. परत मिळेल असं काही सांगता येत नाही. माझा इलाज नाही.”

ती बंदूक एसेनकुलच्या वडिलांची होती. मरताना म्हाताऱ्याने ती स्वतःच्या हाताने त्याला दिली होती. ‘मी काही मारलंच नाही’ एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर ती वाचली असती. ते वाक्य अगदी ओठांवर आलं. पण समोर शायलोबेक बसले होते, विहीणबाईंच्या हातात डूल होते, आणि नाझिराने मान वर करून बापाकडे पाहिलं. एसेनकुल मुकाट्याने उठला आणि खुंटीवरची बंदूक काढायला वळला. गेली तर गेली बंदूक, पोरीचं होऊ दे, असं त्याने मनाला बजावलं.

“ए बाकित,” कोपऱ्यातून बुबुसारा आपा कडाडल्या, “कसला रे रानबोकड? आम्ही खाल्ला तो घरचा बोकड होता.”

“घरचाच,” सादिर म्हणाला.

“अगदी पाळीव,” गुल्जानबाई म्हणाल्या.

बाकितने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “आपा, सगळ्या खोऱ्यात गोष्ट झालीय. ओढ्यावरून उडी काय, हवेत गोळी काय! मला काय कुकुलं बाळ समजता? असं करा, नान हातात घेऊन सांगा.”

नान हातात घेऊन खोटं बोललेला माणूस त्या मुलखात अजून जन्मायचा होता. पोटच्या पोराची शपथ एकवेळ कोणी मोडेल, भाकरीची नाही. आता हे सगळे माघार घेणार, आणि घ्यायलाच हवी, असं एसेनकुलला वाटलं.

आपांनी थाळीतला नान उचलला, डोळ्यांना लावला. “घरचा बोकड होता,” त्या ठामपणे म्हणाल्या आणि नान सादिरकडे दिला. सादिरने घेतला, म्हणाला. गुल्जानबाईंनी घेतला, म्हणाल्या. शेवटी नान शायलोबेकांकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, एसेनकुलकडे बघितलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “घरचा बोकड होता.”

संपलं. नानापुढे बाकित तरी काय बोलणार? वहीत ‘शिकार नाही’ असं लिहून, दोन कप चहा पिऊन, नाझिराला आशीर्वाद देऊन तो गेला. डूल कानांत पडले, बायकांनी मिठाई उधळली, बंदूक खुंटीवर राहिली. तुर्सुनाय तर हसता हसता रडायलाच लागली.

पण एसेनकुलला मिठाईही गोड लागेना! आपल्या एका थापेपायी म्हाताऱ्या आपांनी, भल्या शेजाऱ्यांनी, खुद्द व्याह्यांनी भाकरीची खोटी शपथ घ्यायची तयारी केली! बोकड घरचा होता हे खरं, पण ते बिचाऱ्यांना कुठे माहीत? ते तर खोटंच समजून बोलले. हे पाप कुठे फेडू? आपा निघाल्या तेव्हा तो अनवाणीच बर्फात त्यांच्या मागे धावला.

“आपा! आपा, थांबा. तुम्ही... तुम्हाला पाप लागलेलं नाही. तो खरंच घरचा बोकड होता. तुर्सुनायचा काळा. मी काही मारलं नव्हतं.”

आपांनी त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. “मग? आम्ही दुसरं काय सांगितलं?”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“अरे मेल्या, साठ वर्षं बकऱ्या राखल्या मी. पहिल्याच घासाला कळलं. सादिरलाही कळलं. भाकरी हातात घेऊन खोटं बोलायला आम्ही काय वेडे आहोत?”

“मग कोणी काही बोललं का नाही?”

“का बोलायचं? मांस काय, दर वर्षी मिळतं. नवीन गोष्ट कुठे मिळते? सादिर नऊ वर्षं तोच एक लांडगा मारतोय. तुझा रानबोकड उडी मारतो तेव्हा मला खरंच घाबरायला झालं! जा घरात, पाय गोठतील.” असं म्हणून आपा काठी टेकत निघून गेल्या.

एसेनकुलला इतकं हायसं वाटलं, की तो बर्फात उभ्या उभ्या एकटाच हसत सुटला. पाप नाही, दंड नाही, बंदूक जागेवर, पोरीच्या कानांत डूल! मग त्याचं हसू एकदम थांबलं. नान तर व्याह्यांनीही हातात घेतला होता.

त्याने वळून पाहिलं. दारात शायलोबेक उभे होते. त्यांच्या हातात एसेनकुलचे बूट होते.

“व्याही...” एसेनकुल म्हणाला.

शायलोबेकांनी खाली वाकून बूट त्याच्या पायांशी ठेवले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

“पुढच्या हंगामात आपण दोघं बरोबर जाऊ,” ते त्याच्या कानाशी म्हणाले. “बंदूक तुम्ही घ्या. बोकड मी घेऊन येतो.”