मल्लप्पांनी खाल्लेला टर्की बर्गर

कुणाकडे जेवायला गेले, की मल्लप्पा पाटावर बसायच्या आधी थेट स्वयंपाकघरात शिरत. चुलीपुढं उकिडवे बसून एकेक झाकण उचलत. "एकदा नजरंखालनं जाऊ दे की," म्हणत.

जन्म गेला होटगी स्टेशनात, सांधेवाला म्हणून. रूळ बदलला तरी गाडी यायच्या आत दोनदा हात लावून बघायची सवय. निवृत्त झाले, बायको गेली, आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझ्या शेजारी एक खोली घेऊन राहिले. तपासायला रूळ उरले नव्हते, म्हणून आमची पातेली सापडली.

सायकलवर चादरी विकून मी घर बांधलं. वास्तुशांतीला पंगत बसायच्या बेतात होती. मल्लप्पा आतून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "सावकार, आमटी बुडाला लागली हाय."

आमटी लागली होती, हे खरं. पण ते चारचौघांत सांगायचं असतं? पाच वर्षं हा काटा माझ्या मनात सलत होता.

मग पेठेत, जिथं हातमाग खटखटायचे तिथं, काचेच्या दाराचं रेस्टॉरंट निघालं. पंखे, पडदे, छापील इंग्रजी कार्ड. मी हिशेब केला: मल्लप्पा इथल्या स्वयंपाकघरात घुसणार आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बाहेर काढले जाणार. मी त्यांना आमंत्रण दिलं.

ते धुतलेलं धोतर नेसून आले. खुर्चीवर हात मांडीत धरून गप्प बसले. आत बघितलंसुद्धा नाही. माझा विरसच झाला.

"तुमी सांगाल ते," म्हणाले.

कार्डावरच्या सगळ्यात महाग नावावर मी बोट ठेवलं, वेटरशी भांडून आठ आणे कमी करवले आणि दोन मागवले. नाव होतं टर्की बर्गर.

मल्लप्पांनी वरचा पाव उचलला, खालचा उचलला, दोन्ही बशीत कुस्करले, मधली टिक्की त्यात मोडली आणि मध्ये आळं केलं. "आमटी वाढ की बाबा," वेटरला म्हणाले. त्यानं निमूट सांबार आणलं. मल्लप्पांनी भुरके मारत बशी साफ केली.

शेजारच्या टेबलावर कॉलेजातली पोरं होती. एकजण हसत म्हणाला, "अप्पा, टर्की म्हणजे पक्षी असतो बरं का. कोंबडीपेक्षा मोठा."

मल्लप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "शिवा शिवा," एवढंच पुटपुटले. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस. चेहरा पार उतरला. फजिती मला हवी होती, हे नको होतं.

मी उठलो, गल्ल्यावरच्या मालकाची गचांडी धरली आणि त्याला ढकलतच स्वयंपाकघरात नेलं. एकूण एक झाकण मी स्वतः उचललं. परातीत उकडलेले बटाटे, पातेल्यात वाटाणे, डब्यात रवा. तवा हुंगला. सांदीकोपरा सोडला नाही.

"पक्षी कुठाय?"

"सोलापुरात तो पक्षी मिळतोय कुठं हो!" मालक हात जोडून म्हणाला. "मुंबईच्या एका हॉटेलाच्या कार्डावरनं नावं उतरवली. आत बटाटाच असतो."

मी धावत बाहेर आलो. "मल्लप्पा, बटाटा आहे! मी डोळ्यांनी बघितलं!"

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग हसायला लागले. मीही हसलो. पाच वर्षांनी इतकं मोकळं वाटत होतं.

परतताना मी विचारलं, "एरवी आधी आत शिरता. आजच का नाही गेलात?"

"चूल बघतो म्हणून बोलावणं बंद केलं की सगळ्यांनी," ते म्हणाले. "पाच वर्सांत तुमीच पयले. म्हटलं, आज न्हाय बघायचं. वाईट वाटंल तुमास्नी."

मी म्हटलं, "रविवारी घरी या जेवायला."

त्यांनी माझं दार येईपर्यंत दोनदा विचारलं, "ह्याच रविवारी न्हवं?"