गाद्यांच्या गुहेतल्या बाई

“माइक? तो ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठी!” बाईंनी शाळेतल्या पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. आणि का करू नये? त्या वर्गात कविता म्हणू लागल्या की शेजारच्या वर्गाची पाठ व्हायची! निवृत्तीनंतर मात्र ऐकायला घरात उरले एकटे यजमान, आणि हे रिटायर्ड पोस्टमास्तर पेपरातून मान वर न काढता “हूं” म्हणण्यात पटाईत. म्हणूनच एका ऑडिओबुक कंपनीकडून एक कादंबरी वाचून घरच्या घरी रेकॉर्ड करायचं काम चालून आलं, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

पण पहिला नमुना परत आला. कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, “बाई, वाचन झकास! पण तुम्ही विहिरीत बसून वाचताय असं वाटतं. खोली फार घुमते. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा नमुना पाठवा, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.”

बाईंचा चेहरा पडला. पुन्हा कुणीतरी आपलं ऐकणार, एवढ्याच आशेवर त्या मोहरून गेल्या होत्या.

“खोलीला मऊ अस्तर हवं,” असं म्हणून यजमान चक्क पेपर खाली ठेवून उठले आणि शेजारी गाद्या मागायला गेले!

बाईंना नाही म्हणायची इमारतीत कुणाची छाती नव्हती. सगळेच त्यांच्या हाताखालून गेलेले. तळमजल्यावरच्या शिंप्याने घरातल्या रजया आणल्या, प्लंबर पलंगावरची गादी डोक्यावर घेऊन आला. दुपारपर्यंत गाद्यांची गुहा तयार! त्यांच्या गर्दीत खोलीचं दार लागेना, म्हणून ते उघडंच राहिलं. फुंकरीचा आवाज येऊ नये म्हणून यजमानांनी माइकवर आपला मोजा चढवला.

“धुतलाय ना हो?”

“तू वाच गं. फक्त श्वास तोंडाने घे!”

बाईंना भरून आलं. आपल्या आवाजासाठी आज कितीजणांचे पलंग उघडे पडले! त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांना हात जोडले आणि वाचायला सुरुवात केली.

बाहेरच्या खोलीत मंडळी पहाऱ्याला बसली. पंखा बंद. फ्रिज बंद. शिंप्याचं मशीन बंद. इतक्यात प्लंबरला भिंतीतल्या पाइपात गुडगुड ऐकू आली. पठ्ठ्याने गच्चीवर जाऊन अख्ख्या इमारतीचं पाणी तोडलं!

थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खाली आले. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला. ते तोंड उघडणार तोच यजमानांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून बाईंचा आवाज कानी पडला आणि डॉक्टरांनी तक्रार गिळली. मुकाट्याने एका खुर्चीवर टेकले. त्यांच्या नाकावर साबणाचा एक फुगा आला. मोठा झाला. फट्‌ झाला.

शिंप्याने तोंडात टॉवेलचं टोक कोंबलं, तेही डॉक्टरांच्याच! तरी फिस्सकन हसू निसटलंच.

आत कादंबरीतला चोर अंधारात कपाट उघडत होता. त्याच दमात बाई कडाडल्या, “कोण हसतंय तिकडे? उभा राहा!”

खुर्च्या खर्रकन सरकल्या. शिंपी उभा! प्लंबर उभा! डॉक्टर टॉवेल सावरत उभे! यजमान तर बाईंच्या वर्गात कधी नव्हतेच, तेही उभे! बाईंनी मात्र पुढचं वाक्य सरळ वाचायला घेतलं. जिभेची जुनी सवय, त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

प्रकरण संपवून त्या घामाघूम बाहेर आल्या, तर सगळे तसेच ताठ! बाईंचे डोळे पाणावले.

“अरे, माझ्या मानासाठी इतका वेळ उभे राहिलात? तुमचे उपकार कसे फेडू रे!”

खरं सांगायची कुणाची टाप? “त्यात काय, बाई,” डॉक्टर डोळा चोळत म्हणाले. “फक्त जरा पाणी सोडलं तर...”

नमुना वेळेत गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

“बाई, काम तुमचंच! आवाज अगदी स्वच्छ आलाय. फक्त चोर कपाट उघडतो तिथे तुम्ही कुणाला तरी उभं केलंय. ते पुस्तकात नाही. मागून खुर्च्याही सरकल्या.”

बाईंनी सावकाश यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी पेपर तोंडापुढे धरला.

“अगं बाई! म्हणजे काल ते सगळे...” बाई लाजेने चूर झाल्या. “चुकलं हो, साहेब. तेवढं कापून टाका.”

“कापतो की. पण एक विचारायचं होतं.” साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. “ते आम्ही आत्ताच ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. आता आम्ही बसू का, बाई?”