मिसेस डॉयलना चंदनाचा हार

इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ ग्रेड मिळवलेल्या माणसाला कोणी घराबाहेर काढू शकत नाही, असं मी मुक्ताला छातीठोकपणे सांगितलं!

डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या आमच्या भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती, आणि इथे दुसरं घर मिळणं म्हणजे दिव्यच. घरमालकीण मिसेस डॉयल ‘बघू’ म्हणाल्या होत्या. रविवारी त्या चहाला येणार होत्या. मी ठरवलं, त्यांना त्यांचंच पोर्ट्रेट भेट द्यायचं. तेही रोकोको! जुन्या युरोपात सरदारांच्या बायकांची चित्रं रंगवत ना, तसं. गुलाबी रेशमी झगा, लेसच्या झालरी, पावडर फासलेले पांढरेशुभ्र केस.

“चेहरा पिठात बुडवल्यासारखा झालाय,” मुक्ता म्हणाली.

“तीच तर फॅशन होती!”

रविवारी चित्र हॉलमध्ये टांगून आम्ही दोघं केक आणायला गेलो. घरी साताऱ्याहून आलेली आई आणि आमची लेक अस्मिता.

परतलो तर दारात मिसेस डॉयलची गाडी! आत बाई स्वतःच्या चित्रासमोर हरखून उभ्या. चित्राला चंदनाचा हार, खाली तेवती समई, दोन उदबत्त्या!

“आई, हे काय?” मी कुजबुजलो.

“अस्मी म्हणाली, ही घरमालकीण. पांढरे केस, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. म्हटलं, गेली बिचारी. साधा दिवासुद्धा लावला नव्हतात रे!”

“अगं, या काय समोर उभ्या!”

“अगं बाई!”

“सारंग, आय’म ओन्ली डिलाइटेड!” मिसेस डॉयल म्हणाल्या. “हा हार खास पाहुण्यांना घालता का?”

मी तोंड उघडण्याआधी अस्मिता म्हणाली, “नो, वी डू दॅट व्हेन यू’र डेड.”

मुक्ताने डोळे मिटले. मी मनातल्या मनात भांडी खोक्यांत भरायला घेतली.

मिसेस डॉयलनी एकदा हाराकडे, एकदा समईकडे पाहिलं. मग इतक्या हसल्या, की त्यांना सोफ्यावर बसवावं लागलं!

“माझी मुलं जिवंतपणी फोन करत नाहीत, आणि तुम्ही पुढचंही उरकलंत! ग्रँड! मी आहे तोवर घर तुमचं. नंतर मुलं विकतील. आणि हार राहू दे हं!”

तेव्हापासून त्या हार घातलेल्या तसबिरीपुढे मी रोज हात जोडून मिसेस डॉयलसाठी दीर्घायुष्य मागतो. परवा बाईंना साधा खोकला झाला, तर मी ब्रश काढून चित्रातले गाल लाल केले!