नूरमोहम्मदचं साटंलोटं

सिल्लोडचा संघ नूरमोहम्मदला मागतोय आणि त्याच्या बदल्यात वीस-वीस वर्षांचे दोन फॉरवर्ड द्यायला तयार आहे, असं विश्वजीतनं बुधवारी संध्याकाळी आवडाबाईच्या ओट्यावर सांगितलं, तेव्हा चौदा माणसांचे चौदा कप एकदम बशीत टेकले.

आमचा गारखेड्याचा हॉकी संघ चार वर्षांपासून जिल्हा लीगच्या तळाशी आहे. तळाचीही सवय होते. खाली पडायची भीती राहत नाही. पण आवडाबाईचा नातू विश्वजीत प्रशिक्षणाचा कोर्स करून आला, कोच झाला आणि त्यानं 'नवी बांधणी' काढली. नव्या बांधणीत नूरमोहम्मद कुठंच बसत नव्हता. वय बेचाळीस, संघात एकोणीस वर्षं, पोटापाण्याला कूलर दुरुस्तीचं दुकान. त्याच्या नावाचा जयघोष करायला अख्खं गारखेडा मैदानावर जमायचं, फक्त जयघोष संपल्यावर नूरभाई चेंडूपाशी पोचायचा.

ओट्यावर लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, नूरभाई गेला तर मी मैदानात पाय ठेवणार नाही. दुसऱ्यानं त्याला आठवण करून दिली की तो मागच्या वर्षीही आला नव्हता. संघाचा अध्यक्ष साहेबराव, म्हणजे आवडाबाईचा मुलगा, दोन्ही बाजूंना बरोबर म्हणत होता. शेवटी सगळ्यांच्या माना आवडाबाईकडं वळल्या.

आवडाबाईनं सत्तरी ओलांडलेली. शाळा दुसरीपर्यंत. हॉकीची काठी तिनं आयुष्यात एकदाच हातात धरली होती, तीही कुत्रं हाकलायला. पण मैदान म्हणजे तिच्या शेताचा उरलेला दोन एकराचा तुकडा, त्यामुळं जमीन तिची आणि शब्दही तिचाच. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला तिची खुर्ची पडायची आणि तिथं बसून ती तोंडानं अख्खा सामना खेळायची. 'नूर, घरी जा आता, भाजी चीर,' हे तिचं वाक्य तर विरुद्ध संघालाही पाठ होतं.

"देऊन टाका," ती म्हणाली. "म्हातारा बैल कितीबी गुणाचा असू दे, पेरणीला त्याला जुंपत नसत्यात. जुन्यानं आपणहून जागा सोडावी. त्यात मान असतो."

"व्हय आई," कप गोळा करता करता दीपमाला म्हणाली.

दीपमाला ही साहेबरावची बायको. सव्वीस वर्षं या घरात होती, पण साखरेच्या डब्यापासून कपाटापर्यंतच्या चाव्यांचा जुडगा अजून सासूच्या कमरेला होता. 'व्हय' म्हणताना तिची नजर त्या जुडग्यावरून फिरली. आवडाबाईला ते दिसलं नाही. जे बघायचं नाही ते न दिसण्याइतकी तिची नजर अजून शाबूत होती.

आता सिल्लोडला बोलणी करायला जायचं कुणी? ओट्यावर वाघ असलेल्या सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. तेव्हा आवडाबाईनं पदर खोचला. तिनं तेवीस सोयरिकी जुळवल्या होत्या आणि त्यातली चार साटंलोटं होती. आपली मुलगी त्यांच्याकडं, त्यांची आपल्याकडं. त्यांनी आपली परत धाडली की आपणही त्यांची परत धाडायची, हा त्यातला पक्का कायदा. तिच्या मते ही अदलाबदल म्हणजे तेच होतं, फक्त हळद नव्हती.

"नूरभाईला विचारायचं का एकदा?" विश्वजीतनं विचारलं.

"मुलीला कुणी विचारतं का?" आवडाबाई म्हणाली, आणि विषय संपला.

शुक्रवारी साहेबराव, विश्वजीत आणि आवडाबाई सिल्लोडला कडुबाच्या बैठकीत जाऊन बसले. कडुबा कापसाचा व्यापारी आणि तिथल्या संघाचा अध्यक्ष. कापूस घेताना माणूस आधी नावं ठेवतो, मग भाव बोलतो. पोहे आले, चहा आला, आणि कडुबानं सवयीनं सुरुवात केली.

"तसा खेळाडू चांगलाय, मावशी. पण वय जरा जास्तच वाटायलंय. गुडघ्याचंबी कायतरी ऐकलं. पळायला दम लागतो म्हणं."

यातला प्रत्येक शब्द आवडाबाईनं स्वतः, यापेक्षा वाईट भाषेत, चार गावांसमोर ओरडून सांगितलेला होता. पण आपल्या मुलीला आपण नावं ठेवणं वेगळं आणि पाहुण्यानं पोहे पुढं करून नावं ठेवणं वेगळं. पोह्यांची बशी तिनं खाली ठेवली.

"दम?" ती म्हणाली. "बोट मोडलं असताना पट्टी गुंडाळून अख्खी फायनल खेळलाय तो. तुमच्या पोरांना मच्छर चावला तरी बसत्यात."

विश्वजीतनं तिच्या पायाला पाय लावला. सोयरिकीत पाय लागला की आवाज वाढवायचा असतो, अशी तिची समजूत होती. मग ती थांबेचना. रोजाच्या महिन्यात कडक उन्हात पाण्याचा थेंब न घेता तो कसा खेळला, हरल्यावर प्रत्येक पोराला घरी सोडून मगच स्वतःच्या घरी कसा जायचा, भर मे महिन्यात गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे कूलर एक रुपया न घेता कसे चालू करून द्यायचा. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. साहेबरावचेही आले, कारण आई रडली की त्याला रडू यायचंच.

"साटंलोटं बरोबरीचं लागतं, कडुबा," तिनं शेवटी सांगितलं. "तुमची दोन पोरं येणार, तर आमच्याकडून दोघांच्या तोलाचं जायला पाहिजे. आमचा नूर एकटा दोघांना भारी हाय."

कडुबा विरघळला होता. "मान्य हाय, मावशी. आम्हाला तो पाहिजेच. उद्याच कागद करू."

इथं गप्प बसायचं होतं. पण स्वतःचं बोलणं ऐकून आवडाबाईला पहिल्यांदाच कळलं होतं की आपण काय देऊन बसतोय. ती उठली, पदर सावरला.

"असलं माणूस कुणी देतं का? नाय द्यायची आम्हाला आमची पोरगी," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

परतीच्या वाटेवर फुलंब्रीला गाडी थांबवून विश्वजीतनं चहा घेतला, पण आजीला विचारलं नाही. आवडाबाई मात्र खुशीत होती. गारखेड्याची इज्जत राखल्याचं समाधान चहापेक्षा गरम असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नूरमोहम्मद आला. आभार मानायला आला असणार, म्हणून आवडाबाईनं दीपमालाला चहात साखर जास्त टाकायला सांगितली आणि डब्याची चावीही काढून दिली. नूरमोहम्मद ओट्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ गुडघा चोळत राहिला.

"अम्मा, तुम्ही नाय म्हणून आलात म्हणे."

"मग काय. मी असताना तुला कोण हलवतो."

"कडुबाला मीच सांगितलं होतं, अम्मा. मला मागून घे म्हणून."

आवडाबाईच्या हातातला कप तिथंच राहिला. नूरमोहम्मद खाली बघून सांगत गेला. त्याची मुलगी युसरा सिल्लोडला दिलेली. तिला रमजानच्या आधी मुलगी झाली. त्यांचं घर मैदानाला लागून. तिथं अर्धा सामना खेळायचा, पोरांना शिकवायचं, उरलेल्या वेळात नात खेळवायची, असं सगळं त्यानं मनाशी मांडलेलं होतं. दुकानाला जागाही बघून ठेवली होती. गुडघा आता खरंच साथ देत नव्हता.

"दोन साल झाले, इथं सांगू सांगू करतोय," तो म्हणाला. "पण तुमच्यासमोर बोलायची हिंमत कुणाची? म्हटलं, तिकडून मागणी आली तर काम सोपं होईल. तुम्ही तर रोज घरी जा म्हणायच्या. मला काय माहीत, जाऊ देणार नाय."

"मला एकदा सांगायचं तरी."

"तुम्ही एकदा विचारायचं तरी."

मुलीला कुणी विचारतं का, हे वाक्य आवडाबाईच्या ओठापर्यंत आलं आणि तिनं ते चहासोबत गिळलं. चहा लई गोड झाला होता.

शब्द परत घेणं हे काम तिनं आयुष्यात केलेलं नव्हतं, त्यामुळं ते कसं करतात हेही तिला ठाऊक नव्हतं. दीपमालाच्या फोनवरून तिनं कडुबाला फोन लावला आणि त्यानंच विनवणी केल्यासारखं सांगितलं की जा, दिला तुला. पण एका रात्रीत तिकडचा भाव बदलला होता. सिल्लोडच्या लोकांनीही बैठक घेतली होती.

"आमच्या लोकायला शंका आलीय, मावशी," कडुबा म्हणाला. "एवढा गुणाचा माणूस काल देत नव्हते, आज आपणहून देतेत. कायतरी खोट असणार. एकट्या नूरभाईचा तोल दोन पोरांना कमी पडायलाय."

"मग काय पाहिजे?"

"साटंलोटं बरोबरीचं लागतं, हे तुम्हीच सांगितलं. दोन येतेत तर दोन पाठवा. नूरभाई आणि तुम्ही. लीग संपेपर्यंत सामन्याच्या दिवशी आमच्या बाजूला बसायचं. काल तुम्ही माझ्यासारख्या व्यापाऱ्याला अर्ध्या तासात गार केलं. मग तुमच्या तोंडापुढं पंच म्हणजे काय."

संध्याकाळी ओट्यावर पुन्हा चौदा कप आले. आवडाबाई मुद्दाम आत खिडकीपाशी थांबली. नूरच्या वेळी निम्मे तरी आडवे पडले होते, आपल्या वेळी तर रडारड होईल, ती कशी थांबवायची याचा ती विचार करत होती.

रडारड झाली नाही. दोन चांगली पोरं मिळतायत, असं एकजण म्हणाला. शिवाय नूरभाईचा मार्ग मोकळा होतो, असं दुसरा म्हणाला. मागच्या वर्षी नाही आलेल्यानं यंदा आवर्जून येईन म्हणून सांगितलं. विरोध असा कुणाचाच नव्हता. फक्त साहेबरावला एक काळजी होती.

"त्यांनी आईला आठ दिवसांत परत धाडलं तर? मग पोरंबी परत द्यावी लागतेल."

पुढं तासभर चर्चा झाली ती एवढ्याच मुद्द्यावर, की आवडाबाई तिकडं नीट नांदेल की नाही. आवडाबाईला कुणी विचारलं नाही.

ती बाहेर आली. तिनं कुणाकडंही न बघता कमरेचा जुडगा सोडला आणि दीपमालासमोर धरला. "सामन्याच्या दिवसापुरता," ती म्हणाली. "मी आले की परत." दीपमालानं तो घेतला, कमरेला खोवला आणि परत कधी द्यायचा याबद्दल काहीच बोलली नाही.

लीगचा पहिलाच सामना गारखेडा विरुद्ध सिल्लोड लागला, तोही आमच्याच मैदानावर. स्वतःच्या दोन एकरात आवडाबाई पाहुणी म्हणून पलीकडच्या कडेला बसली. शेजारी कडुबा. नूरमोहम्मद सिल्लोडच्या निळ्या शर्टात अर्ध्या वेळापर्यंत टिकला आणि धापा टाकत तिच्याच बाजूला येऊन उभा राहिला. युसरानं लेकीला त्याच्या कडेवर दिलं. तेवढ्यात सिल्लोडहून आलेल्या दोन पोरांपैकी एकानं गारखेड्यासाठी गोल मारला, आणि आवडाबाईनं टाळीसाठी उचललेले हात वेळेवर पदराखाली लपवले.

पण समोरच्या कडेवरून आवाज आला. आवडाबाईच्या जुन्या खुर्चीत, तिच्याच जागेवर, कमरेला चाव्यांचा जुडगा लावून दीपमाला बसली होती. सव्वीस वर्षांत साठवलेला आवाज एकदम बाहेर पडला होता.

"आई, घरी जा आता. भाजी चिरा."

मैदानात हशा पिकला. पंचही हसला. नूरमोहम्मदनं नातीच्या मागं तोंड लपवलं.

"कोण हो ती बाई?" कडुबानं घाबरून विचारलं.

आवडाबाईनं त्या खुर्चीकडं बघितलं. मग मान ताठ करून म्हणाली, "ती व्हय? ती आमची नवी बांधणी."