स्वच्छ माणूस पाहिजे

पाणीटंचाईत कारखान्याने घरोघरी निळे ड्रम फुकट वाटले. आत आधी काय होतं, हे कोणी विचारलं नाही. धर्माच्या गायीचे दात कोणी पाहतं का? रंगरावांनी तर ड्रमाला हळदकुंकू वाहिलं.

वर्षभरात अर्ध्या गावाचं थायरॉईड बिघडलं. रक्तात एक रसायन सापडलं. एकदा अंगात शिरलं की घरजावयासारखं ठाण मांडणारं. ड्रम फेकावा, तर पंधरवड्याने येणारं नळाचं पाणी भरायचं कशात? त्यात सून करिष्माला सहावा महिना. रंगरावांनी बस धरून बुलढाण्याचं जिल्हा कार्यालय गाठलं.

"साहेब, ड्रम उचला अन् टँकर द्या. नातवाच्या अंगात तरी हे इख जायले नको."

"देऊ की! पण तुमच्यात जास्त आहे, हे कशावरून? तुलनेसाठी एक स्वच्छ माणूस आणा. नियमच आहे."

रंगराव माणूस शोधत सुटले. नांदुऱ्याचा अडत्या रक्ततपासणीत नापास झाला. घरच्या गायीचं तूप खाऊन शुद्धतेवर प्रवचनं देणारे नारायणराव तर सगळ्यांच्या वर निघाले. गाय ड्रमातलंच पाणी पीत होती. ते दोन दिवस रुसले, मग म्हणाले, "पण आकडा माहाच मोठा ना बे?"

शेवटी साहेबांनी स्वतःचा दंड पुढे केला. ते पाणी बाटलीतलं पीत. पण घरच्या न चिकटणाऱ्या तव्यावर तेच रसायन होतं. साहेब घाबरले, कार्यालय घाबरलं नाही. आदेश निघाला : 'ज्याअर्थी सदर रसायन सर्वांत आढळते, त्याअर्थी ते मानवी शरीराचा घटक समजावे.'

"अन् माहा नातू?"

साहेब खुलले. "अहो, तोच तुमचा स्वच्छ माणूस! जन्मला की नाळेचं रक्त आणा."

नात झाली, गुटगुटीत. गावात बर्फी वाटली. अहवाल आला : 'स्थानिक प्रमाणानुसार परिपूर्ण.'

रंगरावांच्या बायकोने, चांगुणाने, नातीला छातीशी धरलं. "आईचं दूध प्याच्या आंधीच कंपनीचं पेली गं माही बाई!" म्हणाली आणि रडली. रंगरावांनाही राहवलं नाही.

टँकर मंजूर आहे, अडलंय ते फक्त स्वच्छ माणसावाचून. रंगराव रोज फाट्यावर बसतात आणि बसमधून उतरणाऱ्याला सांगतात, "भाऊ, बाही वर करा."

तुम्हालाही वाटत असेल, आपण बुवा त्यातले नाही. मग या की! पोरीचं भलं होईल. रंगराव एवढंच विचारतील, "तुमच्या घरी तव्याले धिरडं काऊन चिकटत नाही?"